शेवंती (परसबागेतील लागवड)

शेवंती : (क्रिसँथेमम मॉरिफोलियम, कुल – ॲस्टरेसी). शरद-हेमंतात फुलणारी, उग्र वासाच्या पानांची बहुवर्षायू ओषधी. मूळची चीनमधील. जपानच्या राजचिन्हात ती १६ पाकळ्यांच्या रूपात दिसते. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते अनेक फुलांचे स्तबक असून त्यातील प्रत्येक ‘पाकळी’ हे स्वतंत्र किरण-पुष्पक असते.

बहराचा काळ : रात्र पुरेशी मोठी झाल्यावरच शेवंती कळ्या धरते. उदाहरणार्थ, धामणगाव बढे (ता. मोताळा, जि. बुलढाणा) हे गाव साडेवीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. तेथे जूनअखेर दिवस सु. १३ तास २० मिनिटांचा, तर डिसेंबरात ११ तासांहून किंचित कमी असतो. त्यामुळे दसरा झेंडूचा आणि दिवाळीपासून मार्गशीर्षापर्यंतचा काळ शेवंतीचा. रात्रभर दिव्याचा उजेड पडणाऱ्या जागी बहर लांबतो.

जमीन : निचऱ्याची, मध्यम प्रतीची जमीन मानवते. धामणगाव बढे भागातील काळी चिकण माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते व मुळे कुजतात. म्हणून २० ते ३० सेंमी. उंच गादीवाफा करून त्यात शेणखत व रेती मिसळतात. जमीन चुनखडीची असल्यास लोह मिळेनासे होऊन कोवळी पाने पिवळी पडतात. अशा ठिकाणी कुंडी बरी.

लागवड व निगा : बहर संपल्यावर झाडे जमिनीपासून वीतभर ठेवून छाटतात. बुडाशी फुटणाऱ्या काश्या मुळांसकट वेगळ्या करून उन्हाळाभर सावलीत जगवतात व जूनमध्ये ३० सेंमी. अंतरावर लावतात. महिन्याभराने शेंडा खुडल्यास बगलफांद्या वाढून फुले अधिक येतात. ऑगस्टनंतर मात्र खुडू नये, कारण शेंड्याबरोबर कळ्याही जातात. उंच प्रकारांना काठीचा आधार देतात. माव्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क फवारतात.

प्रकार : राजा (पांढरी), झिप्री व सोनाली तारा (पिवळ्या). विदर्भातील ‘बिजली’ ही वार्षिक शेवंती असून ती काश्यांपासून नव्हे, बियांपासून लावतात.

उपयोग : हार, वेण्या, गजरे व पूजा. फुले पूर्ण उमलल्यावर सकाळी तोडतात.