‘रजा’ आणि ‘सुटी’ : बॉस्टन, १९१९

मराठीत कामावर न जाण्याच्या दिवसाला दोन शब्द आहेत आणि रोजच्या बोलण्यात आपण ते अदलून-बदलून वापरतो. ‘रजा’ हा शब्द फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशी असलेल्या अरबी ‘रिज़ा’चा अर्थ संमती, खुशी असा आहे. ‘आपली रजा घेतो’ असे म्हणून निघणारा माणूस यजमानाची परवानगीच मागत असतो. ‘सुटी’ ही ‘सुटणे’ या धातूशी जोडलेली. म्हणून सुटी असते किंवा पडते, रजा मात्र मागावी लागते, मंजूर किंवा नामंजूर व्हावी लागते. इंग्रजीतील ‘लीव्ह’ या शब्दाचाही मूळ अर्थ परवानगी असाच आहे. पोलीस आणि अग्निशामक या शहराच्या दोन गणवेशधारी सेवकांचा इतिहास वाचताना हा शब्दभेद आम्हाला फार उपयोगी वाटतो. गिरणीतल्या कामगाराला सुटी मिळाली त्यानंतरही कित्येक दशके या दोघांच्या वाट्याला केवळ रजाच होती.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या पोलिसांचा १९१९ चा संप. पहिल्या महायुद्धाने महागाई भडकली होती आणि पगार तिच्या मागे फरफटत होता, हे कारण सर्वच इतिहासकार देतात. पण मागण्यांच्या यादीत वेळेचा प्रश्न पगाराइतकाच ठळक होता. दिवसपाळीच्या शिपायाचा आठवडा ७३ तासांचा, रात्रपाळीच्याचा ८३ आणि गाडीवर नेमलेल्याचा ९८ तासांचा. पंधरा दिवसांत एक दिवस मोकळा. शिवाय गस्त संपली तरी राखीव म्हणून चौकीत झोपावे लागे. एका चौकीत १३५ माणसांमागे चार शौचकूप आणि न्हाणीचे एकच टब होते.

आम्हाला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारा नियम मात्र वेगळाच आहे. त्या पंधरवड्यातल्या एकुलत्या एक मोकळ्या दिवशीही शहराची हद्द ओलांडायची तर वरिष्ठांची परवानगी लागे. म्हणजे सुटीच्या पोटातही रजा होतीच! तास मोजून हा नियम कळत नाही. ज्याला हद्दीबाहेरच्या आईला भेटायला जाण्यासाठीही अर्ज करावा लागतो, त्याचा तो दिवस त्याचा नसतो. खात्याने काही वेळापुरता उसना दिलेला असतो.

गुंतागुंत आणखी होती. पोलिसांचा खर्च शहर सोसत असे. पण पोलीस आयुक्ताची नेमणूक राज्याच्या गव्हर्नरकडे होती. त्यामुळे तक्रार घेऊन नेमके कोणाच्या दारी जावे, हाच प्रश्न होता. खात्याच्या छत्राखालच्या ‘बॉस्टन सोशल क्लब’मधून विनंत्या करून पाहिल्यावर ऑगस्ट १९१९ मध्ये शिपायांनी ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर’ या महासंघाची सनद घेतली. आयुक्त एडविन कर्टिस यांनी संघटनेच्या १९ जणांना निलंबित केले आणि ९ सप्टेंबर १९१९ च्या संध्याकाळी १,५४४ पैकी १,११७ शिपाई काम सोडून गेले. लुटालूट झाली, राज्याचे रक्षकदल उतरले, माणसे मेली. गव्हर्नर कॅल्व्हिन कूलिज यांनी महासंघाचे नेते सॅम्युअल गाँपर्स यांना तार पाठवून कळवले की, सार्वजनिक सुरक्षिततेच्या विरोधात संप करण्याचा अधिकार कोणालाही, कोठेही, कधीही नाही. या एका तारेने ते देशभर गाजले. १९२० च्या निवडणुकीत ते उपाध्यक्षपदी निवडून आले आणि १९२३ मध्ये अध्यक्ष झाले.

संपकऱ्यांपैकी कोणालाही पुन्हा कामावर घेतले नाही. त्यांच्या जागी नवी भरती झाली आणि या नव्या शिपायांना पगार जास्त, गणवेश शहराच्या खर्चाने आणि सुटीचे दिवस अधिक असे सर्व काही मिळाले. म्हणजे मागणी रास्त होती, हे प्रशासनाने कृतीतून मान्य केले. मान्य केले नाही ते मागणाऱ्यांना. आम्ही या घटनेकडे ओढलो जातो ते याच जागी. दिले गेले ते हक्क म्हणून दिले असे दिसू नये, याची केवढी ही काळजी! इतिहासाच्या पुस्तकांतही कूलिजची तार राहिली, तो पंधरवड्यातला एक दिवस तळटिपांत गेला.

अग्निशामकांची कथा याच्या शेजारून जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील बहुतेक शहरांत त्यांची एकच पाळी होती: मुक्काम ठाण्यातच, जेवायला घरी जाण्यापुरती सवड आणि अधूनमधून एखादा मोकळा दिवस. दुसऱ्या दशकापासून दोन पाळ्यांची पद्धत हळूहळू रुजली. मग नियमित पाळीतून सुटणाऱ्या जादा दिवसाला तिकडे ‘केली डे’ म्हणू लागले, आणि आजही म्हणतात. १९३३ ते १९४७ या काळात शिकागोचे महापौर असलेल्या एडवर्ड केली यांच्या नावावरून हा शब्द आला, असे सांगतात. हक्काच्या दिवसाला देणाऱ्याचे नाव चिकटून राहावे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

कायद्यानेही हा संदिग्धपणा पुरता संपवला नाही. अमेरिकेच्या संघीय श्रमकायद्यात १९७४ च्या दुरुस्तीने पोलीस आणि अग्निशामक आले खरे, पण आठवड्याच्या ४० तासांच्या सामान्य मोजपट्टीने नव्हे. २८ दिवसांचे चक्र धरले तर अग्निशामकाला २१२ आणि पोलिसाला १७१ तासांनंतरच जादा काम मोजले जाते. १९८५ मध्ये जादा कामाच्या बदल्यात पैशाऐवजी बदली रजा देण्याची मुभा सार्वजनिक संस्थांना मिळाली. सुरक्षासेवकांसाठी तिची साठवण ४८० तासांपर्यंत. साठलेली रजा मागितली तर कामात अवाजवी खोळंबा होणार नाही इतपतच ती द्यायची. पुढे टेक्सासमधील हॅरिस परगण्याच्या शेरीफखात्यातील कर्मचाऱ्यांच्या खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, साठलेली ही रजा अमुक दिवशी घेच, असेही मालक सांगू शकतो. थांबण्याची परवानगी होती, आता थांबण्याची आज्ञाही आली.

आपल्याकडे ‘सुटी’ या शब्दाला हक्काचा अर्थ देणारे नाव नारायण मेघाजी लोखंडे यांचे. त्यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ने १८८४ पासून रेटा लावला आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला. त्याच शहरातला पोलीस शिपाई मात्र १८६१ च्या पोलीस कायद्याच्या धाटणीतच राहिला. त्या कायद्याच्या २२ व्या कलमानुसार पोलीस अधिकारी सदैव कामावरच आहे असे मानायचे. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमात तेच तत्त्व २८ व्या कलमात उतरले. (‘सदैव कामावर’ ही ओळ स्तुतिसुमनांत शोभते, कलमात तिचा अर्थ निराळा होतो.) १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईचे पोलीस रस्त्यावर आले, लष्कर बोलवावे लागले, संघटना मोडली गेली. बॉस्टनचा वाचक येथे अडखळणार नाही.

त्यानंतरचे बदल शांतपणे, आदेशांच्या वाटेने आले. २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पोलिसांच्या किरकोळ रजा १२ वरून २० केल्या. आणि अग्निशामक? १४ एप्रिल १९४४ च्या गोदीतील स्फोटात मुंबईच्या दलातले ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, पुष्पचक्रे वाहिली जातात. त्या दलाचा पाळीतक्ता काय होता, कोणाला कितव्या दिवशी घरी जाता येत असे, याचा विचार त्या भाषणांत आमच्या ऐकण्यात नाही. नवे काही लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने हुतात्म्यांच्या यादीशेजारी तो तक्ताही शोधावा. दप्तरांत ‘रजा’ आणि ‘सुटी’ यांपैकी कोणता शब्द कोठे लिहिला आहे, तेही टिपून ठेवावे.