उसनी आज्ञावली ठेवायची कुठे?

संगणकाची आज्ञावली लिहिणारा सगळ्याच आज्ञा स्वतः लिहीत नाही. वर्गमूळ काढणे, आलेख रेखाटणे अशी कामे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली असतात. ही तयार गाठोडी, म्हणजेच पॅकेजेस, आपण आपल्या यंत्रावर आणून बसवतो. पण बसवायची कुठे? सर्वांच्या सामाईक कपाटात, की ज्याच्या त्याच्या दप्तरात?

हा प्रश्न बराच जुना आहे. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकावर ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालली. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल यांनी त्यासाठी उपआज्ञावल्यांचा संग्रह उभारला. १९५१ पर्यंत त्यात ८७ उपआज्ञावल्या जमल्या. त्या छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर असत आणि फिती पोलादी कपाटात. हवी ती फीत काढायची, तिची नक्कल यंत्राने आपल्या फितीवर उतरवायची आणि मूळ फीत जागच्या जागी ठेवायची. म्हणजे कपाट सामाईक, पण नक्कल ज्याची त्याची! अडचण पुढेच होती. उपआज्ञावली स्मृतीत दर वेळी निराळ्या जागी बसणार, मग तिच्या आतले पत्ते चुकणार. फीत वाचली जात असतानाच हे पत्ते दुरुस्त होतील अशी सोय व्हीलर यांनी १९४९ मध्येच केली, तीही अवघ्या ४१ आज्ञांत. आम्हाला तर ही त्या काळातली सर्वांत देखणी युक्ती वाटते.

पुढे सामाईक कपाटाचीच सवय लागली. पायथन भाषेची पॅकेजेस अनेक वर्षे सगळ्या यंत्रासाठी मिळून एकाच ठिकाणी बसवली जात. जागा वाचे खरी, पण तेथे एका पॅकेजची एकच आवृत्ती राहू शकते. एका प्रकल्पासाठी नवी आवृत्ती आणली की जुनीवर चालणारा दुसरा प्रकल्प बंद पडायचा. लिनक्सवर तर यंत्रणेची स्वतःची काही साधनेही पायथनवरच चालतात, तीही बिघडत. म्हणून २००७ मध्ये इयान बिकिंग यांनी प्रत्येक प्रकल्पाला वेगळे कपाट देणारे व्हर्च्युअलएन्व्ह हे साधन केले. २०१२ मध्ये तशी सोय पायथनमध्येच आली. २०२३ मधील डेबियन १२ या लिनक्समध्ये तर पिप हे साधन सामाईक जागी पॅकेज बसवायला सरळ नकार देते.

जावास्क्रिप्टच्या एनपीएमने २०११ पासून दप्तराची पद्धत धरली. तेच पॅकेज दहा प्रकल्पांत दहा वेळा साठते, हा तिचा तोटा. फायदा मार्च २०१६ मध्ये दिसला. लेफ्ट-पॅड हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने भांडारातून काढून घेतले आणि जगभर नव्या जुळण्या अडल्या. ज्यांच्या दप्तरात नक्कल आधीच होती, त्यांचे काम चालू राहिले.

शाळेच्या एकाच संगणकावर अनेक विद्यार्थी प्रकल्प करत असतील, तर आमचे मत दप्तराच्या बाजूने आहे. सोबत पॅकेजांची आवृत्तीसह यादी ठेवावी.

पॅकेज आपणच लिहीत असू, तर मात्र नक्कल जाचक होते, कारण प्रत्येक दुरुस्तीनंतर ती पुन्हा बसवावी लागते. अशा वेळी पिप आणि एनपीएम दोन्ही नकलेऐवजी मूळ जागेचा नुसता दुवा ठेवू देतात. दुरुस्ती केली की ती लगेच लागू! पण प्रकल्प दुसऱ्या यंत्रावर नेला की दुव्यापलीकडे काहीच सापडत नाही. तेव्हा इतरांच्या हाती देण्याआधी एकदा कोऱ्या दप्तरात खरी नक्कल बसवून पाहावी.