एजफील्डची दफनभूमी : एका ग्रामीण काउंटीत विसावलेले राजकारणी

आज आपण एक फार छोटी जागा घेतली आहे. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात, जॉर्जियाच्या सीमेला लागून एजफील्ड नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका समजा, फक्त तिला स्वतःचं न्यायालय आणि स्वतःचा शेरीफ असतो. लोकवस्ती आज पंचवीस हजारांच्या आसपास. पीचच्या बागा, पाइनची झाडी, मध्ये कोर्टाची इमारत आणि तिच्यासमोरचा चौक. एवढ्याशा मुलखाने राज्याला दहा गव्हर्नर दिले, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. त्यांतल्या काहींची जन्मगावं काउंट्यांच्या सीमा बदलल्यामुळे आज शेजारच्या काउंटीत गेली आहेत, पण ते सोडून देऊ.

आपल्याला बघायच्या आहेत त्या त्यांच्या कबरी. एजफील्ड गावात बाप्टिस्ट चर्चच्या मागे विलोब्रुक नावाची दफनभूमी आहे, आणि काही मैलांवर ट्रेंटन गावाजवळ एबेनेझर नावाची दुसरी. या दोन जागांमध्ये जी माणसं पुरलेली आहेत, त्यांच्यावरून अमेरिकेच्या दक्षिणेचं दीडशे वर्षांचं राजकारण सांगता येतं. इतिहास सांगायला आम्हाला कबरी फारशा आवडत नाहीत, कारण कबरीवरचा मजकूर घरच्यांनी लिहिलेला असतो. पण इथे अपवाद करू.

सुरुवात प्रेस्टन ब्रुक्सपासून. हा विलोब्रुकमध्ये आहे. जन्म १८१९ चा, वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधिगृहाचा सदस्य. १८५६ च्या मे महिन्यात मॅसेच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स समनर यांनी कॅन्ससमध्ये गुलामगिरी लादण्याविरुद्ध दोन दिवस भाषण केलं. त्यात त्यांनी दक्षिण कॅरोलिनाचे सिनेटर अँड्र्यू बटलर यांच्यावर सडकून टीका केली, आणि ती करताना मर्यादाही सोडली. बटलर हे एजफील्डच्याच गोतातले, ब्रुक्सचे नातलग. झालं. २२ मे रोजी सभागृहाचं काम संपल्यावर समनर आपल्या जागी बसून लिहीत होते. ब्रुक्स आला आणि त्याने गट्टापर्चाच्या काठीने त्यांच्या डोक्यावर मारायला सुरुवात केली. काठी तुटली, तरी हात थांबला नाही. समनर रक्तबंबाळ होऊन कोसळले. नीट बरे होऊन सिनेटमध्ये परतायला त्यांना साधारण तीन वर्षं लागली.

आता ती काठी ब्रुक्सच्या हातात आली कुठून? १८४० मध्ये एजफील्डच्याच लुई विगफॉलशी त्याचं द्वंद्वयुद्ध झालं होतं. गोळी लागली, आणि तेव्हापासून चालताना काठी लागायला लागली. म्हणजे एका मारामारीची खूण दुसऱ्या मारामारीचं हत्यार झाली. हा विगफॉल पुढे टेक्सासकडून सिनेटर झाला. असं होतं एजफील्ड.

पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. कोर्टाने ब्रुक्सला तीनशे डॉलर दंड केला. हा तीनशेचा आकडा लक्षात ठेवा. प्रतिनिधिगृहातून त्याला काढून टाकायला दोन तृतीयांश मतं हवी होती, ती मिळाली नाहीत. त्याने स्वतःच राजीनामा दिला, पोटनिवडणूक लढवली आणि निवडून आला. दक्षिणेतून लोकांनी त्याला नव्या काठ्या भेट पाठवल्या. एका माणसाचा राग म्हणून ही गोष्ट संपवता येत नाही ती यामुळे. मतदारांनी त्या रागावर शिक्का मारला होता. १८५७ च्या जानेवारीत घशाच्या आजाराने ब्रुक्स गेला, वय ३७. ज्यांच्या अब्रूसाठी हे सगळं केलं ते बटलरही त्याच वर्षी मे महिन्यात वारले.

त्याच दफनभूमीत फ्रान्सिस पिकन्स. हे रशियात अमेरिकेचे वकील होते, आणि परतल्यावर १८६० च्या डिसेंबरात गव्हर्नर झाले. चारच दिवसांत दक्षिण कॅरोलिना संघराज्यातून फुटलं. त्यांची पत्नी लूसी हिचं चित्र कॉन्फेडरेट सरकारच्या नोटांवर छापलं होतं. तीही इथेच आहे. जॉन शेपर्ड आणि जॉन गॅरी एव्हान्स हे आणखी दोन गव्हर्नर विलोब्रुकमध्येच आहेत. शेपर्डना आपण वगळू. एव्हान्सकडे परत यावं लागेल.

यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, गुलामगिरी गेली. युद्धाच्या आधी या भागात निम्म्याहून जास्त माणसं गुलाम होती. म्हणजे एका रात्रीत बहुसंख्य लोक नागरिक झाले आणि लवकरच मतदारही. पॅरिस सिमकिन्स नावाचा, गुलामीत जन्मलेला, न्हाव्याचा धंदा करणारा एजफील्डचा तरुण १८७० च्या दशकात राज्याच्या विधिमंडळात बसला. हा सगळा काळ आपल्याकडे कुणाच्या नजरेत होता, ठाऊक आहे? महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. पुण्यात ही अर्पणपत्रिका छापली जात होती तेव्हा सिमकिन्स विधिमंडळात होता.

आणि त्यानंतर तीनच वर्षांनी हँबर्ग.

हँबर्ग हे सव्हाना नदीकाठचं गाव, जुन्या एजफील्ड मुलखातलं, पण तोवर नव्या एकेन काउंटीत गेलेलं. वस्ती आणि कारभार बहुतेक काळ्या लोकांचा. ४ जुलै १८७६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं होत होती त्याच दिवशी, तिथली काळ्या सैनिकांची मिलिशिया रस्त्यावर कवायत करत होती. दोन गोरे शेतकरी बग्गीतून आले आणि वाट द्या म्हणाले. शाब्दिक वाद झाला, वाट दिलीही गेली. पण तक्रार दाखल झाली आणि ८ जुलैला सुनावणी ठेवली. त्या शेतकऱ्यांचे वकील म्हणून आले मॅथ्यू कॅल्ब्रेथ बटलर, वर आलेल्या सिनेटर बटलरांचे पुतणे, युद्धात एक पाय गमावलेले जनरल. (जपानची बंदरं उघडणारे कमोडोर पेरी हे यांचे मामा, नावही त्यांच्यावरूनच.) बटलरांनी मागणी केली की मिलिशियाने बंदुका खाली ठेवाव्यात. आता सांगा, वाट अडवल्याच्या तक्रारीत वकिलाने सरकारी शिपायांची हत्यारं मागायचा संबंध काय? संबंध एवढाच की बाहेर शेकडो सशस्त्र गोरे जमले होते आणि नोव्हेंबरात निवडणूक होती.

मिलिशियाने नकार दिला आणि आपल्या शस्त्रागारात आश्रय घेतला. नदीपलीकडच्या ऑगस्टाहून तोफ आणली गेली. गोळीबारात एक गोरा तरुण मेला. गावाचा मार्शल जेम्स कुक मारला गेला. त्यानंतर पकडलेल्यांपैकी काहींना रात्री एकेक करून बाहेर काढून गोळ्या घातल्या. एकूण सहा काळी माणसं मेली. आरोपपत्र नव्वदहून जास्त लोकांवर झालं, खटला एकाचाही चालला नाही. ठार मारण्याचा हुकूम आपण दिला नव्हता, असं बटलर सांगत राहिले. १८७७ मध्ये ते सिनेटर झाले आणि १८९५ पर्यंत राहिले. त्यांची कबरही विलोब्रुकमध्ये.

त्या गर्दीत एक एकाक्ष तरुण होता, बेंजामिन टिलमन. त्याची कबर ट्रेंटनला. बटलर जे नाकारत राहिले ते टिलमनने मिरवलं. १९०९ मध्ये जुन्या ‘लाल सदरेवाल्यां’च्या मेळाव्यात त्याने हँबर्गची हकिगत भाषणात सांगितली आणि ती छापलीही. आम्हाला या गोष्टीचं नवल वाटत नाही, कारण तोवर लपवायचं काही कारणच उरलं नव्हतं. तो १८९० मध्ये गव्हर्नर झाला होता, १८९४ मध्ये सिनेटच्या जागेसाठी त्याने खुद्द बटलरांना हरवलं होतं. गरीब गोऱ्या शेतकऱ्यांचा पुढारी म्हणून त्याची ख्याती होती, आणि ती खोटी नव्हती. क्लेम्सनचं शेतकी कॉलेज उभं राहण्यात त्याचा मोठा वाटा होता. कंपन्यांनी निवडणुकीला पैसे देण्यावर बंदी घालणारा १९०७ चा अमेरिकेचा कायदा आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. म्हणजे हा माणूस नुसता गुंड होता असं म्हणून सुटका नाही. एका हाताने गोऱ्या शेतकऱ्याला कॉलेज आणि दुसऱ्या हाताने काळ्या शेतकऱ्याचं मत काढून घेणं, त्याच्या राजकारणात ही दोन्ही कामं एकच होती.

ते मत कसं काढून घेतलं? १८९५ मध्ये राज्याची नवी घटना लिहायला परिषद बसली. खरा सूत्रधार टिलमन, अध्यक्ष आपले विलोब्रुकचे जॉन गॅरी एव्हान्स. १६० प्रतिनिधींत काळे फक्त सहा. त्यांत रॉबर्ट स्मॉल्स, जो गुलाम असताना १८६२ मध्ये कॉन्फेडरेटांचं जहाज चार्ल्स्टन बंदरातून पळवून घेऊन गेला होता. स्मॉल्स लढला, हरला. मतदानासाठी लिहिता-वाचता येणं किंवा तीनशे डॉलरची मालमत्ता असणं सक्तीचं झालं, आणि परीक्षा घेणारा अधिकारी गोरा. सिनेटरला मरणाच्या दारात पोहोचवण्याचा दंड तीनशे, मताची किंमत तीनशे. हा योगायोगच आहे, त्यातून अर्थ काढू नका, पण नजरेतून सुटत नाही. अनेक दुरुस्त्या झाल्या असल्या तरी त्या राज्याची घटना आजही तीच आहे.

टिलमनची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९०२ मध्ये त्याने सिनेटमध्येच आपल्या राज्याच्या दुसऱ्या सिनेटरशी, मॅकलॉरिनशी, मुक्कामुक्की केली. दोघांवर निंदेचा ठराव झाला, आणि सदस्याने दुसऱ्या सदस्याच्या हेतूंवर चिखलफेक करू नये असा नियम आला. नियम एकोणीस. तो थोडा वेळ बाजूला ठेवू.

लहान मुलं टिलमनला भेटायला आणली जात. त्यांत टिलमनच्याच वकिलाचा सहा वर्षांचा मुलगा होता, स्ट्रॉम थरमंड. १९०२ चा जन्म, २००३ मध्ये शंभराव्या वर्षी एजफील्डलाच मृत्यू, दफन विलोब्रुकमध्ये. गव्हर्नर झाला, १९४८ मध्ये वंशभेदाच्या बाजूने राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहून ३९ निर्वाचक मतं मिळवली, १९५७ मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध सिनेटमध्ये सलग २४ तास १८ मिनिटं बोलला. विधेयक तरीही मंजूर झालं. तो विक्रम २०२५ मध्ये कोरी बुकर या काळ्या सिनेटरने मोडला.

आता नियम एकोणीस. १९८६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा यांनी न्यायाधीशपदाच्या एका नेमणुकीला विरोध करणारं पत्र सिनेटच्या न्यायविषयक समितीच्या अध्यक्षांना पाठवलं. अध्यक्ष होते थरमंड. २०१७ मध्ये, त्याच माणसाला अॅटर्नी जनरल करायचं चाललं होतं तेव्हा, सिनेटर एलिझाबेथ वॉरन ते पत्र सभागृहात वाचू लागल्या. त्यांना गप्प बसवलं गेलं, आणि कलम लावलं ते नियम एकोणीसचं. म्हणजे बघा, एका एजफील्डकराच्या मुक्क्यांमुळे आलेला नियम, दुसऱ्या एजफील्डकराला आलेलं पत्र. दोघंही केव्हाच जमिनीखाली गेले होते.

या दोन दफनभूमींत कोण नाही, हेही सांगायला हवं. याच मुलखात डेव्ह नावाचा एक गुलाम कुंभार होता. युद्धाच्या आधी तो मोठमोठे रांजण घडवायचा, आणि ज्या राज्यात गुलामाला लिहायला शिकवणं गुन्हा होता तिथे ओल्या मातीवर स्वतःचं नाव, तारीख, कधी दोन ओळींचं पद्य कोरायचा. ते रांजण आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. हँबर्गला मेलेल्या गोऱ्या तरुणासाठी १९१६ मध्ये स्तंभ उभारला गेला. त्या सहा जणांसाठी फलक लागला तो २०१६ मध्ये.

थरमंडचा पुतळा राजधानी कोलंबियात, विधानभवनाच्या आवारात आहे. १९९९ मध्ये तो बसवला तेव्हा चौथऱ्यावर चार मुलांची नावं कोरली होती. २००३ च्या डिसेंबरात, थरमंड गेल्यावर सहा महिन्यांनी, एसी मे वॉशिंग्टन-विल्यम्स या ७८ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका पुढे आल्या आणि म्हणाल्या की मी त्यांची थोरली मुलगी. त्यांची आई कॅरी बटलर एजफील्डला थरमंडच्या आईवडिलांच्या घरी मोलकरीण होती. काळी, मुलगी झाली तेव्हा सोळा वर्षांची. थरमंड कुटुंबाने ते मान्य केलं, आणि २००४ मध्ये दगडावर पाचवं नाव चढलं. वर जिथे ‘चार’ मुलांचा पिता असं होतं तिथे तो शब्द घासून ‘पाच’ केला. घासलेली जागा दिसते.