सपाट मुलखातून शिखराकडे

मंडळी, आपली हिंगोली समुद्रसपाटीपासून जेमतेम ४५० मीटरवर. इथल्या मुलाला हिमालयाच्या मोहिमेवर पाठवायचं म्हटलं, की आपण आधी खर्च आणि बूट मोजतो. इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

१९५३ मध्ये तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले. पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि गिर्यारोहण ही शिकवायची विद्या ठरली. ती खेड्यातल्या गरीब घरापर्यंत यायला बराच काळ गेला. २०१४ मध्ये निजामाबाद जिल्ह्यातल्या शेतमजुराची मुलगी मालावत पूर्णा १३ वर्षांची असताना एव्हरेस्टवर उभी राहिली. निजामाबाद आणि हिंगोली एकेकाळी एकाच निजामी राज्यात होते, बरं का! तिची तयारी भोंगीरच्या कातळावर सुरू झाली. मग दार्जिलिंग, मग लडाखची थंडी. २०१८ मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली ५ मुलंही शिखरावर पोहोचली.

असे टप्पे कशासाठी? साधारण ५,५०० मीटरवर हवेचा दाब निम्म्यावर येतो. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला काही आठवडे लागतात. म्हणून दिवसा उंच चढायचं, झोपायला खाली यायचं. सोबतचा शेर्पा दोर बांधील, वाट दाखवील. आपल्या वाटचा श्वास काही तो घेणार नाही. डोकं ठणकून तोल जाऊ लागला, की मुकाट्यानं खाली उतरायचं, हेही शिकूनच निघायचं.

आश्रमशाळा आपल्या कळमनुरी भागातही आहेत. पोरांची ताकद चंद्रपुरानं दाखवलीच आहे. त्यांना कातळापासून बर्फापर्यंत टप्प्याटप्प्यानं कोण नेणार, एवढं आपण ठरवायचं आहे.