कमी व्होल्टेजचा ऑप-अ‍ॅम्प : सर्किटसाठी निवडताना काय पाहावे?

उन्हाळ्याची दुपार आहे, बाहेर ४१ अंश तापमान आहे. पण घरी बनवलेला डिजिटल तापमापक ३२ अंशांच्या पुढे सरकत नाही. सकाळी २५ अंश असताना तो बरोबर आकडा दाखवत होता. सेन्सर ठीक, प्रोग्रॅम ठीक, सोल्डरिंगही पक्के. मग चूक कुठे? अशा वेळी ऑप-अ‍ॅम्पची निवड तपासावी.

ऑप-अ‍ॅम्प म्हणजे काय?

ऑप-अ‍ॅम्प म्हणजे ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायर. सेन्सरकडून येणारा लहान सिग्नल मोठा करणे हे या चिपचे एक नेहमीचे काम. १९६८ साली फेअरचाइल्ड कंपनीने आणलेला ७४१ हा ऑप-अ‍ॅम्प अजूनही पाठ्यपुस्तकांत भेटतो. तो सहसा अधिक १५ आणि उणे १५ व्होल्ट अशा दुहेरी पुरवठ्यावर चालवतात. आजच्या सर्किटांत मात्र यूएसबीचे ५ व्होल्ट, मायक्रोकंट्रोलरचे ३.३ व्होल्ट किंवा बटण सेलचे ३ व्होल्ट एवढेच हाताशी असतात. त्यासाठी कमी व्होल्टेजचे ऑप-अ‍ॅम्प वापरतात.

३२ अंशांचे गणित

एलएम३५ हा सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. १०० किलोओहम आणि १० किलोओहम असे दोन रेझिस्टर लावून नॉन-इन्व्हर्टिंग जोडणी केली, तर सिग्नल ११ पट होतो. म्हणजे ४१ अंशांना ४.५१ व्होल्ट मिळायला हवेत.

पण स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा एलएम३५८ पुरवठ्याच्या सुमारे दीड व्होल्ट खालीच थांबतो. ५ व्होल्टवर त्याचे आउटपुट साधारण ३.५ व्होल्टपर्यंतच जाते. ३.५ भागिले ०.११ केले की उत्तर येते सुमारे ३२ अंश. चिप बिघडलेली नाही, तिला वर जायला जागाच उरलेली नाही. असा दोष सहज लक्षात येत नाही, कारण पडद्यावरचा आकडा खरा वाटण्याजोगा असतो.

रेल-टू-रेल म्हणजे काय?

पुरवठ्याच्या दोन्ही टोकांना ‘रेल’ म्हणतात. ज्याचे आउटपुट या टोकांच्या अगदी जवळ पोहोचते, तो रेल-टू-रेल आउटपुटचा ऑप-अ‍ॅम्प. एमसीपी६००१ हे त्याचे एक उदाहरण. तो १.८ ते ६ व्होल्टवर चालतो आणि हलक्या लोडवर रेलपासून काही मिलिव्होल्टपर्यंत जातो. वरच्या जोडणीत तो लावला, तर तापमापक जवळजवळ ४५ अंशांपर्यंत मोजतो. त्याहून जास्त मोजायचे असेल, तर गेन कमी करावा लागतो.

मात्र हाच ऑप-अ‍ॅम्प ९ व्होल्टच्या बॅटरीला थेट जोडला, तर तो जळू शकतो.

डेटाशीटमध्ये आणखी काय पाहावे?

* इनपुटची मर्यादा : आउटपुट रेल-टू-रेल असले म्हणून इनपुटही तसे असेलच असे नाही. दोन्ही नोंदी वेगळ्या वाचाव्यात.
* ऑफसेट व्होल्टेज : एमसीपी६००१ मध्ये हे ४.५ मिलिव्होल्टपर्यंत असू शकते. एलएम३५ च्या हिशेबात ती जवळपास अर्ध्या अंशाची चूक झाली.
* वीज आणि वेग : एमसीपी६००१ स्वतःसाठी सुमारे १०० मायक्रोअँपिअर घेतो. २२० मिलिअँपिअर-तासांचा बटण सेल एवढ्यानेच तीन महिन्यांत संपेल. एमसीपी६०४१ ला अवघे ०.६ मायक्रोअँपिअर पुरतात, पण त्याचा गेन-बँडविड्थ गुणाकार १४ किलोहर्ट्झ आहे. एमसीपी६००१ चा १ मेगाहर्ट्झ. तापमान सावकाश बदलते, तिथे पहिला चालतो. आवाजाच्या सिग्नलला दुसराच बरा.

जोडताना

चिपच्या पुरवठ्याच्या पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. मायक्रोफोनचा सिग्नल शून्याच्या वर-खाली होतो आणि एकेरी पुरवठ्यात शून्याखाली जागा नसते. म्हणून दोन समान रेझिस्टरांनी पुरवठ्याचा मध्यबिंदू तयार करतात आणि सिग्नल कपॅसिटरमधून त्यावर आणतात.

शेवटी तापमापक एकदा कोमट पाण्याच्या पेल्याला बाहेरून टेकवून पाहावा. आकडा मध्येच अडला, तर सेन्सर बदलण्याआधी मल्टिमीटरने ऑप-अ‍ॅम्पचे आउटपुट मोजावे.