उंबरठ्यावरची रांग

रांग ही व्यवस्थेची खूण मानली जाते. जेथे येणारे अनेक आणि सेवा देणारा एक, तेथे रांग लागावयाचीच. तिकिटाची खिडकी असो की देवळातील दर्शनबारी, प्रश्न सर्वत्र सारखेच असतात: रांग किती लांबू द्यावी, कोणाला आधी सोडावे, आणि जागा संपल्यावर दाराशी आलेल्याला काय सांगावे. संगणकाच्या अंतरंगातही अशीच एक रांग असते. नेटवर्कवरून येणारी पॅकेटे, म्हणजे संदेशाचे सुटे केलेले लहान लहान तुकडे, यंत्राच्या उंबरठ्यावर या रांगेत उभी राहतात. एकेका पॅकेटाचा तेथील मुक्काम पुष्कळदा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही थोडा असतो. तथापि या क्षणभराच्या मुक्कामाची नीट व्यवस्था लावता लावता संगणकशास्त्राची काही दशके खर्ची पडली, आणि त्या इतिहासात मोठमोठ्या यंत्रांची दैना उडाल्याचे प्रसंगही आहेत.

रांगेचे शास्त्र संगणकाहून जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती आग्नर क्रारुप एर्लांग यांनी 1909 मध्ये दाखवून दिले, की टेलिफोनवर येणाऱ्या हाका कितीही अनियमित भासल्या तरी त्यांच्या अनियमितपणालाही एक नियम असतो. 1917 मध्ये त्यांनी ताटकळण्याच्या काळाची सूत्रे मांडली. पुढे अमेरिकेत लेनर्ड क्लाइनरॉक यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील आपल्या 1962 च्या प्रबंधात हेच गणित संदेशवहनाच्या जाळ्याला लावले. या गणिताचा एक निष्कर्ष सामान्य माणसाला चकित करणारा आहे. येणारे अवचित येत असतील आणि प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळही अनिश्चित असेल, तर सेवक निम्मा वेळ कामात असताना माणसाला सरासरी दुप्पट वेळ लागतो. सेवक शेकडा 90 वेळ कामात असेल तर दसपट, आणि शेकडा 99 असेल तर शंभरपट. सेवकाला क्षणाचीही उसंत न ठेवण्याची काटकसर अखेर येणाऱ्याच्या माथी बसते.

29 ऑक्टोबर 1969 रोजी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे अर्पानेटवरील पहिला संदेश निघाला. पुढे यंत्रांची संख्या वाढली, तेव्हा येणारी पॅकेटे यंत्राच्या आत कशी घ्यावयाची, हा प्रश्न ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे आला. या गाभ्याला कर्नल म्हणतात. प्रोसेसर, स्मृती आणि जोडलेली सर्व उपकरणे यांवर सत्ता चालते ती कर्नलची. या प्रश्नाला बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने दिलेले उत्तर दीर्घकाळ प्रमाण ठरले. ऑगस्ट 1983 मध्ये तेथून युनिक्सची 4.2 बीएसडी ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी 1 जानेवारीला अर्पानेटने टीसीपी-आयपी ही नवी नियमावली स्वीकारली होती, आणि या आवृत्तीत ती कर्नलमध्येच अंतर्भूत केलेली होती.

या उत्तराचे मर्म एखाद्या कचेरीच्या उदाहरणाने सहज ध्यानी येते. आवक टपालाचा कारकून आलेले पत्र वाचीत बसत नाही. तो नोंद करतो, पत्र टोपलीत टाकतो आणि पुढच्या पत्राला हात घालतो. पत्र उघडून निर्णय करणारा अधिकारी वेगळा. बर्कलेच्या रचनेत पॅकेट आले की नेटवर्क कार्ड प्रोसेसरला हाक मारी. या हाकेला इंटरप्ट असे नाव आहे. हाक आली की हातातील काम बाजूला टाकून प्रोसेसरने धावावयाचे, हा दंडक. कारण कार्डाजवळची जागा अगदी तुटपुंजी, उशीर झाला तर पुढचे पॅकेट हरवावयाचे. म्हणून या हाकेवर काम करावयाचे ते किमान: पॅकेट उचलावे, कर्नलमधील रांगेच्या शेवटी लावावे आणि मोकळे व्हावे. त्याचा पत्ता तपासणे, ते कोणत्या कार्यक्रमाचे आहे हे ठरविणे, ही लांबलचक कामे नंतर सवडीने, खालच्या अग्रक्रमाने होत. रांगेला मर्यादाही घातलेली होती, साधारणतः 50 पॅकेटांची. त्यापुढे येणारे पॅकेट टाकून दिले जाई. दार आणि दिवाणखाना यांची ही फारकत मोठी शहाणपणाची होती.

टाकून देणे हा शब्द कानाला कठोर लागतो. रांगेची जागाच वाढविली, अगदी अमर्याद केली, तर काय बिघडले, असे कोणालाही वाटेल. जॉन नेगल यांनी डिसेंबर 1985 मध्ये याच प्रश्नाचा छडा लावला. नेटवर्कवरील पॅकेटाला आयुर्मर्यादा असते. क्रमाने सेवा देणारी अमर्याद रांग आणि मर्यादित आयुष्य यांची गाठ पडली, की अतिभाराच्या वेळी प्रत्येक पॅकेट रांगेतच म्हातारे होते आणि पुढे सरकण्यापूर्वी निकामी ठरते. अमर्याद जागा असूनही सारीच पॅकेटे नष्ट होतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1986 मध्ये, लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कलेचे विद्यापीठ या अवघ्या 400 यार्डांवरच्या दोन स्थळांमधील संदेशवहन सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळले. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कारेल्स यांनी या आपत्तीचा अभ्यास करून 1988 मध्ये उपाय मांडला. हरवलेले पॅकेट हा सूचक इशारा समजावा आणि पाठविणाऱ्याने आपला वेग आवरावा, असा तो उपाय होता. रांगेने दिलेल्या नकारालाही अशा रीतीने अर्थ प्राप्त झाला.

पाठविणारे सारेच असे समंजस नसतात, ही गोष्ट वेगळी. शिवाय बर्कलेच्या रचनेत एक गोम होती. कचेरीत कारकून आणि अधिकारी ही दोन माणसे असतात. संगणकात त्या काळी प्रोसेसर बहुधा एकच असे. टपालाची नोंद करणारा तोच आणि पत्र उघडून उत्तर देणारा तोच. त्यातही दंडक असा, की दारावरची हाक सर्वांत आधी. टपाल बेताचे येते तोवर ही व्यवस्था उत्तम चाले. परंतु हाका अखंड येऊ लागल्या की हा एकटा जीव केवळ नोंदीच करीत राही. टोपली भरून वाहू लागे, नोंदलेली पत्रे तो स्वतःच केराच्या पेटीत टाकी, आणि एकाही पत्राचे उत्तर जात नसे.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी हा विकार मोजून दाखविला. 1996 च्या जानेवारीत त्यांनी आपला निबंध सादर केला. त्यांनी पॅकेटे एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात पोचविणारे यंत्र घेतले, आणि कोणते पॅकेट जाऊ द्यावे हे ठरविणारा एक पहारेकरी कार्यक्रम त्यावर चालविला. सेकंदाला सुमारे 2,000 पॅकेटांपर्यंत सारे सुरळीत होते. त्यापुढे भार वाढविला तसतसे बाहेर पडणारे काम वाढावयाच्या ऐवजी घटू लागले. सुमारे 6,000 पॅकेटांवर ते शून्यावर आले. यंत्र बंद पडले नव्हते. उलट क्षणाचीही विश्रांती न घेता राबत होते. परंतु त्या राबण्यातून निष्पन्न काहीच होत नव्हते. या अवस्थेला लाइव्हलॉक म्हणतात: जिवंतपणी, धावपळीत असतानाच आलेली कोंडी. संकटाच्या वेळी हीच कोंडी यंत्राच्या चालकालाही बाहेर ठेवी, कारण त्याची आज्ञा ऐकण्यापुरतीही उसंत प्रोसेसरपाशी उरत नसे.

त्यांनी सुचविलेला उपाय रांग लांब करण्याचा नव्हता. पहिली हाक ऐकावी आणि लगेच हाकांना मनाई करावी. मग आपण होऊन दाराशी जाऊन, ठरलेल्या संख्येइतकीच पॅकेटे एका फेरीत आणावी आणि ती तडीस न्यावी. आतली रांग भरली असेल तर दारावरून आणणेच थांबवावे. अशा वेळी जादा पॅकेटे कार्डावरच गळून पडतात, प्रोसेसरचा त्यांवर कणभरही श्रम खर्च झालेला नसताना. पॅकेट टाकावयाचेच तर ते पहिल्या पायरीवर टाकावे. अर्धे काम करून टाकणे म्हणजे ते अर्धे कामही पाण्यात घालणे होय. त्याच वर्षी पीटर ड्रुशेल आणि गौरव बंगा यांनी निराळ्या वाटेने जाऊन सुचविले, की प्रत्येक कार्यक्रमाची रांग दाराशीच वेगळी करावी, म्हणजे एकाच्या गर्दीचा भुर्दंड दुसऱ्याला पडणार नाही.

लिनक्स कर्नलमध्ये हा विचार रुजला तो 2001 मध्ये जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनी मांडलेल्या रचनेतून. नापी या नावाने ती ओळखली जाते. पहिल्या पॅकेटाची हाक ऐकावयाची, नंतर हाका बंद करून फेऱ्या घालावयाच्या, एका कार्डाकडून एका फेरीत बहुधा 64 हून अधिक पॅकेटे घ्यावयाची नाहीत, आणि रांग रिकामी झाली की पुन्हा हाका सुरू करावयाच्या, असा तिचा क्रम आहे. गर्दी नसताना तत्पर आणि गर्दी असताना शिस्तबद्ध, असा दुहेरी स्वभाव यातून कर्नलला लाभला. प्रोसेसर अनेक झाले तेव्हा, 2010 मध्ये, आलेली पॅकेटे निरनिराळ्या प्रोसेसरांच्या रांगांत वाटून देण्याची सोयही त्यात झाली.

स्मृती स्वस्त झाली तशी रांगा लांबविण्याची जुनी ओढ पुन्हा बळावली, विशेषतः बाहेर जाणाऱ्या पॅकेटांच्या बाबतीत. 2010 च्या सुमारास जिम गेटिस यांनी या सुजलेल्या रांगांकडे लक्ष वेधले. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी नवे माप पुढे केले: रांगेत किती उभे आहेत हे मोजू नये, प्रत्येकजण किती वेळ उभा होता हे मोजावे. ताटकळणे सतत 5 मिलिसेकंदांहून अधिक राहिले, की पॅकेटे टाकण्यास आरंभ करावा.

एर्लांग यांच्या टेलिफोनपासून या मापापर्यंत एक शतक लोटले. त्या अवधीत यंत्रांचा वेग कल्पनेपलीकडे वाढला, तरी रांगेचा प्रश्न वेगाने सुटला नाही. तो सुटला तेवढा मर्यादा मान्य केल्याने. दाराशी आलेल्या प्रत्येकाला आत घेणारे यंत्र उदार भासते, परंतु त्याची किंमत आधी आत आलेल्यांना आणि रांगेत उभ्या असलेल्यांना मोजावी लागते. वेळीच आणि दारातच दिलेला नकार पाठविणाऱ्याला सावध करतो आणि आत घेतलेल्याचे काम पुरे होऊ देतो. कर्नल लिहिणाऱ्यांना हे उमगावयास पुष्कळ वर्षे लागली, आणि यंत्रापुढे टपाल साचते तेथे तेथे ते त्यांना पुन्हा आठवावे लागते.