चासनाला: डोक्यावरचं पाणी

‘काला पत्थर’ मी पाहिला तो अमिताभसाठी. सिनेमा १९७९चा, त्यामागची दुर्घटना धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीतली, हे नंतर कळलं. २७ डिसेंबर १९७५. वरच्या, सोडून दिलेल्या जुन्या खाणीत साठलेलं पाणी खाली घुसलं. ३७५ जण गेले. (पडद्यावरचा विजय मात्र वाचतो.)

कोळसा काढला की पोकळी उरते, तिच्यात पाणी भरतं. म्हणून मधे जाड भिंत न खणता सोडायची असते. पण ती भिंतही कोळशाचीच, म्हणजे पैशाचीच. मला वाटतं, सगळी गोम तिथेच आहे.

खटल्याचा निकाल २०१२ मध्ये लागला. दोन माजी अधिकाऱ्यांना शिक्षा झाली. एक वर्ष.